टेपखालची बत्ती

डोळा तुम्ही जाळलात. आणि जाळून झाल्यावर चौकशी समिती बसवून त्याचा दोष पोरीच्या आईच्या ओटीत घातलात.

तुम्ही म्हणजे कोण, हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की तुम्ही वकील लावून नावावर भांडाल आणि डोळ्यावर चकार शब्द काढणार नाही. कॉलेजचंही नाव लिहीत नाही. सांगली जिल्ह्यात आहे आणि फाटकावर तुमच्या हसऱ्या फोटोचा फ्लेक्स आहे, एवढं पुरे.

मी बिरदेव. पोरीचा मामा. दुधाचा टेम्पो चालवतो. पोरीचं नाव स्वप्नाली. तिची आई हरणाबाई माझी थोरली बहीण, तिला मी आक्का म्हणतो. जतच्या माळावर आमची वस्ती आहे. दिवाळी झाली की दाजी मेंढरं घेऊन कराड-पाटणच्या बाजूला उतरतात, ते पावसाच्या तोंडाला माघारी येतात. स्वप्नालीचा जन्म अशाच वाटेवरचा, उंब्रजच्या अलीकडं, कुणाच्या तरी उसाच्या बांधावर. आक्का हल्ली वस्तीवरच असते आणि लोकरीचं सूत काढते. तिच्या सुताला विणकर नाव ठेवत नसत. का ठेवत नसत, ते पुढं येईलच, कारण तुमच्या समितीनं नेमकं तेच पकडलं.

स्वप्नाली तुमच्याकडं पीएच.डी. करत होती. विषय ऑप्टिकल फायबरचा. रस्त्याकडेला चर खणून नारिंगी पाइप पुरतात, त्याच्या पोटातली केसासारखी काचेची तार. एका नागपंचमीला ती घरी आली तेव्हा तिनं आईला हे सगळं सांगितलं होतं. मी उंबऱ्यावर बसून ऐकत होतो.

"आये, ह्या टोकानं उजेड आत सोडायचा. आत त्यो गोल ठिपका हून चालतो. मग मी ती तार खाचा पाडलेल्या पट्टीखाली दाबते. दाबली की ठिपक्याचं रूप बदलतं. एकाचं दोन व्हत्यात. आजून थोडा पीळ दिला की कडं व्हतं. भवतीनं उजेड, मधी अंधार."

"बया! आन् त्येचा उपेग?"

"एकाच तारंतनं ठिपका एक निरोप घिऊन जाणार आन् कडं दुसरा. दोगं एकमेकात मिसळायचं न्हाईत. एका वाटंनं दोन कळप गेल्यागत."

आक्का हसली. "मिसळत्यात गं. कुत्रं नसलं की मिसळत्यातच."

"व्हय आये. त्येच तर मोजायचं हाय. किती मिसळत्यात."

"मग तुज्या बाला बोलीव की. त्येचा जलम त्यातच गेलाय."

बोलताना आक्काचा हात थांबलेला नव्हता. चातीवर सूत निघत होतं. हातभर निघालं की ती ते दाराच्या उजेडाकडं ताणून धरायची, एक डोळा मिटायची आणि दुसऱ्या डोळ्याला अगदी लावून त्याच्या अंगावरून नजर फिरवायची. कुठं गाठ आहे, कुठं पातळ पडलंय, ते तिला असं दिसायचं. स्वप्नाली लहानपणी मांडीवर बसून तेच करायची, नुसत्या दोऱ्यानं. बघा, किती भयंकर शिक्षण देत होती आमची बहीण!

आता तुमच्या लॅबकडं येतो.

त्या प्रयोगाचा लेझर डोळ्याला दिसत नाही. हे आधी समजून घ्या म्हणजे पुढचं समजेल. भिंतीवर मारा, कागदावर मारा, माणसाला काही दिसत नाही, फक्त कॅमेऱ्याला दिसतं. टेलिफोनच्या कामातून उरलेली साधी स्वस्त तार या न दिसणाऱ्या उजेडाला थोडी ऐसपैस पडते, तिच्यात त्याची दोन रूपं मावतात. म्हणून हा लेझर घेतला होता, महागाची तार आणायला नको. आणि दिसत नाही म्हणूनच, तो बनवणाऱ्यानं पेटीच्या तोंडावर एक लाल बत्ती ठेवली होती. बत्ती लागलेली असली की समजायचं, आत लेझर जिवंत आहे. शिवाय एक चावी. लाईट जाऊन परत आली, तरी चावी फिरवल्याशिवाय पेटी सुरू व्हायची नाही. ज्यानं बनवलं त्यानं माणसांचा विचार केला होता.

मग ती पेटी आपल्याकडं आली.

स्वप्नालीचे गाईड मानसिंग सर. आष्ट्याकडचे, बागायतदार घरातले. माणूस वाईट नाही. पोरांना घरच्या उसाचा रस पाजायचे, काकवी आणून द्यायचे. पण लॅबमध्ये लाईट जायची, सारखी जायची. यूपीएसच्या बॅटऱ्या तुमच्या केबिनच्या एसीशेजारी नेऊन लावल्या होत्या, तुमचा कॉम्प्युटर बंद पडायला नको म्हणून. लाईट गेली की लेझर बंद. परत आली की चावी फिरवा आणि तो स्थिर होईपर्यंत हात बांधून बसा. तोवर पुन्हा लाईट जायची. पोरी रडकुंडीला यायच्या.

पोरी दोन. दुसरी क्रांती, सातारा जिल्ह्यातली, कोरेगावच्या बाजूची. बाप सुभेदार म्हणून रिटायर झालेला. तिचं टेबल शेजारीच.

एक दिवस मानसिंग सर मळ्यातल्या वायरमनला घेऊनच लॅबमध्ये आले. "आमच्या मोटरीला ऑटो बसवलाय," म्हणाले. "लाईट आली की आपली आपण पाणी ओढती. मळ्यात जायाला नको. हिलाबी बसवून टाकू ऑटो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतात लाईट येते ती कधीही येते, म्हणून लोक मोटरीच्या स्टार्टरला ऑटो लावतात. माणूस घरात, मोटर आपोआप सुरू. आपल्या भागात कुणाच्या मळ्यात नाही?

क्रांती तिथंच म्हणाली, "सर, आमच्या गावात ऑटोमुळं माणूस गेलाय. मोटर काढायला विहिरीत उतरला होता. वर लाईट आली."

सर हसले. "आता हितं विहीर कुठाय गं, क्रांती?"

वायरमन पण हसला. त्यानं पेटी उघडली, चावीच्या मागच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या आणि झाकण लावलं. लाईट घालवून बघितली, आणून बघितली. पेटी आपोआप सुरू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वप्नालीनंही वाजवल्या, खोटं कशाला सांगू. त्या ऑटोमुळं चावी मेली, ती काढली काय आणि ठेवली काय, लेझर चालूच राहणार, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. कारण रोज संध्याकाळी पोरी भिंतीवरचं बटण बंद करून घरी जायच्या. चावीला हात लावायची वेळच यायची नाही.

तरी बत्ती होती. बत्ती खोटं बोलत नव्हती.

मग तुमच्या ऑफिसातून निरोप आला. मूल्यांकन समिती येणार, माहितीपत्रक छापायचं, त्यात प्रयोगाचे फोटो पाहिजेत, स्वच्छ पाहिजेत. स्वप्नालीच्या कड्याचे फोटो चांगले यायचे, पण कोपऱ्यात एक फिकट डाग पडायचा. तो डाग पेटीच्या लाल बत्तीचा होता. अंधाऱ्या खोलीत तिचा उजेड कॅमेऱ्यात शिरत होता. तुमच्या ऑफिसनं फोटो परत पाठवले. डाग काढा म्हणाले. मानसिंग सरांनी काळी टेप मागितली, क्रांतीनं कात्रीनं कापून दिली आणि सरांनी ती बत्तीवर चिकटवली. डाग गेला. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर ते कडं छापलंय, खाली तुमचा संदेश आहे. टेप काढायला कुणी आलं नाही.

लेझरचा चष्मा? होता की. एकच होता, कॉरिडॉरमधल्या काचेच्या कपाटात. शेजारी इंग्रजीत पाटी, कपाटाला कुलूप. समिती यायची तेव्हा कपाट पुसायचे. स्वप्नालीनं सरांकडं मागितला होता. सरांनी तुमच्याकडं मागितला. "समिती येऊन जाऊ द्या, मग बघू," हे तुमचं उत्तर. समिती आली, चांगला शेरा देऊन गेली. चष्मा अजून कपाटातच आहे. परवा बघून आलो, धूळ बसलीय.

त्या दिवशी दुपारी लाईट गेली. मशीनचा आवाज थांबला, पंखा थांबला. काचेची तार नवीन कापून झाली होती. तिचं टोक सपाट कापलं गेलंय की तिरकं, हे बघितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, आणि मायक्रोस्कोपचा दिवा लाईटवर चालणारा. स्वप्नालीनं रिकामा वेळ वाया घालवला नाही. तिनं आधी पेटीची चावी काढली. पेटीवर लिहिलेलं होतं, चावी काढली की लेझर बंद. चावी तिनं ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली. आमच्याकडं बायका तसंच बांधतात. क्रांतीनं बघितलं होतं. मग घड्याळजीचं भिंग घेतलं, तारेचं टोक धरलं आणि खिडकीकडं वळली. तारेचं दुसरं टोक पेटीतच होतं.

एक डोळा मिटला. टोक भिंगाजवळ आणलं. उजेडाकडं ताणून धरलं, आईनं सूत धरावं तसं.

पंखा फिरायला लागला.

"आली बाई एकदाची," क्रांती म्हणाली.

"बरं झालं, लय उकडत हुतं," स्वप्नाली म्हणाली, आणि बघतच राहिली. का थांबावं तिनं? चावी ओढणीत होती. बत्ती टेपखाली होती. आवाज नाही, चटका नाही, झगमगाट नाही. वारं आलं म्हणून बरं वाटलं तिला. त्याच वाऱ्यात तिचा डोळा जळत होता.

तिला वाटलं, खिडकीतलं ऊन डोळ्यावर आलं. एक राखाडी ठिपका पडला होता, ऊन बघितल्यावर पडतो तसा. जाईल म्हणून ती कामाला लागली. टोक सपाट होतं, काम चांगलं झालं होतं. तार पट्टीखाली दाबली, कॅमेरा लावला, पडद्यावर कडं आलं. आज मधला अंधार जरा मोठाच दिसतोय, असं तिला वाटलं. पडदा ओढणीनं पुसला. मग ती क्रांतीला काहीतरी सांगायला वळली. डाव्या डोळ्यात बहुतेक धूळ गेली असावी, ती तो चोळत होती, त्यामुळं फक्त उजव्यानं बघत होती. क्रांतीला कान होते, केस होते, हनुवटीची कड होती. तोंड नव्हतं.

"क्रांते, तुझं तोंड कुठाय गं?"

क्रांतीला वाटलं चेष्टा करतीय. तीही म्हणाली, "घरी ठिवून आलेय."

मिरजेच्या डॉक्टरांनी डोळ्यात औषध घालून बघितलं. पडद्याच्या बरोबर मधोमध भाजलंय, म्हणाले. कडेचं दिसेल, मधलं दिसणार नाही, परत येणार नाही. टेम्पोतून आम्ही माघारी निघालो. तीच बोलली.

"मामा, भवतीनं उजेड आन् मधी अंधार. आता प्रयोग कराया लॅबची गरजच न्हाई. फुकटात झालं."

मी गाडी बाजूला घेतली. मला पुढचा रस्ता दिसेना.

इथपर्यंत अपघात होता. माणसांच्या हातून होतो. मानसिंग सर दवाखान्यात येऊन ढसाढसा रडले, ते मी बघितलंय. त्या दिवशी तुम्ही नुसतं येऊन "चुकलं आमचं" म्हणाला असता तर हा कागद मी लिहिला नसता. आक्कानं तुम्हाला चहा करून दिला असता.

पण तुम्ही चौकशी समिती नेमलीत.

समितीनं स्वप्नालीला विचारलं, तारेचं टोक डोळ्याला का लावलंस? ती खरं बोलली. "आई सूत असंच बघते. लहानपणापासूनची सवय आहे." तिनं चावीचं सांगितलं, ऑटोचं सांगितलं, टेपचं सांगितलं. त्यातली सवय तुम्ही तेवढी उचललीत. आणि निरोप धाडलात, आईलाही घेऊन या.

आक्काला वाटलं मान आहे. पोरगी हुशार, म्हणून आईला बोलावलं असणार. ठेवणीतलं लुगडं नेसली. सुताची गुंडी बरोबर घेतली. मी टेम्पोतून घेऊन आलो. तुमच्या त्या मोठ्या टेबलासमोर ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"मुलीला असं बघायला तुम्ही शिकवलं का?"

"व्हय," आक्का म्हणाली. तोंडावर हसू मावेना. "म्याच. आमच्यात अशीच बगायची रीत हाय."

"कसं बघता? दाखवा बरं."

आक्का उभी राहिली. गुंडीतलं सूत काढलं, खिडकीकडं ताणून धरलं, एक डोळा मिटला. तुमच्यातल्या एकानं मोबाईलवर तिचा फोटो काढला. आक्कानं फोटोसाठी पदर सारखा केला.

तो फोटो तुमच्या अहवालात आहे. खाली लिहिलंय, अपघाताचं मुख्य कारण उमेदवाराला कौटुंबिक व्यवसायातून लागलेली चुकीची सवय. दुसरं कारण, चावी उमेदवाराच्याच ताब्यात होती, म्हणून लेझरची जबाबदारी तिची. वायरमन नाही. टेप नाही. ग्रामीण भागातून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी जागृतीचं शिबिर घ्यावं, अशी शिफारस मात्र आहे.

अहवालाची प्रत घरी आली तेव्हा आक्का म्हणाली, "वाच की रं. फोटो आलाय न्हवं माजा?"

मी वाचून दाखवलं. गाळून दाखवायला पाहिजे होतं, असं आमच्या घरातले म्हणतात. मी गाळलं नाही. आयुष्यभर लोकांनी आम्हाला गाळूनच सांगितलंय.

आक्कानं त्या फोटोवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हंजी म्या केलं."

"आक्का, तसं न्हाई..."

"साह्यबांनी लिवलंय न्हवं? शिकल्याली माणसं हायती. म्याच दावलं तिला. मांडीव घिऊन दावलं."

स्वप्नालीनं समजावलं, मी समजावलं, दाजींनी फोनवरून शिव्या घालून समजावलं. ती मान हलवायची. सूत काढायची. पण त्या दिवसापासून तिनं ते डोळ्यापुढं धरणं सोडलं. हात आपोआप वर जायचा, अर्ध्यात थांबायचा, खाली यायचा. सुतात गाठी यायला लागल्या. विणकर धनाजी शेळके कधी तोंड वर करून बोलत नाही, तो एकदा मला म्हणाला, "बिरदेवा, हरणाआक्काला काय झालंय रं? हे सूत तिचं न्हाई."

डाव्या डोळ्यावर जोर देऊन स्वप्नालीनं प्रबंध पुरा केला. क्रांती तिला पडद्यावरचे आकडे वाचून दाखवायची. मग मौखिक परीक्षेचा दिवस ठरला. आदल्या दिवशी मानसिंग सर स्वप्नालीच्या भाड्याच्या खोलीवर आले, मी आणि आक्का तिथंच उतरलो होतो. खाली बघून म्हणाले, "स्वप्नाली, वरून निरोप आहे. उद्या अपघाताचा विषय काढायचा नाही. डिग्री घे, मोकळी हो. बाळ, मी हात जोडतो."

"सर, तुम्हाला वाटतं का आईची चूक होती?"

सरांनी चप्पल घातली. "माझी पेन्शन राहिलीय गं," म्हणाले आणि गेले.

स्वप्नालीनं तेव्हाच ठरवलं असावं. मला म्हणाली, "मामा, आईला उद्या फुडच्या रांगंत बसीव."

परीक्षेनंतर परीक्षकांचा सत्कार करायचा असतो, जेवण घालायचं असतं, ते उमेदवाराच्या घरच्यांनी बघायचं, ही तुमच्या विद्येच्या मंदिरातली रीत. लोक शाल आणतात. आक्कानं स्वतःच्या सुताचं घोंगडं आणलं होतं. गाठीगाठींचं. धनाजीनं विणताना हात जोडले होते, पण तिला दुसरं चालेना.

अध्यक्षाच्या खुर्चीत तुम्ही होता. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई, वयस्कर, चष्मा कपाळावर सरकवून फोटो बघत होत्या. एक ठिपका, मग दोन, मग कडं. त्यांनी मान डोलावली.

"सुंदर मिळालंय हे रूपांतर. तुटपुंज्या सामग्रीत केलंय. फक्त एक सांगा, तारेचं टोक कशानं तपासलं?"

मानसिंग सर घाईनं म्हणाले, "मायक्रोस्कोपनं, मॅडम."

"त्यांना सांगू द्या."

स्वप्नाली बाईंकडं वळली. सरळ नाही, जरा तिरकी. आता ती माणसाकडं अशीच बघते, तोंड दिसावं म्हणून. "मायक्रोस्कोपनं, मॅडम. लाईट गेल्यावर डोळ्यानं. म्हणून शेवटच्या प्रकरणात फोटो कमी आहेत. एक डोळा त्यात गेला."

तुम्ही घसा खाकरला. "मूळ विषयावर येऊ या," म्हणालात. आणि तो भाग संपवून टाकायचा म्हणून नेहमीचं वाक्य बोललात, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का?" सगळीकडं विचारतात. कुणी काही विचारत नाही. मग टाळ्या होतात आणि चहा येतो.

पुढच्या रांगेतून आक्का उठली. काखेत घोंगडं तसंच.

"मला इचारायचंय."

तुम्ही हसलात. "बोला, आई."

"आवं साहेब, तुमी लिवलंय, म्या दावलं म्हून पोरीचा डोळा गेला. खरं आसंल. म्या अडाणी. पर त्या पेटीला बत्ती हुती म्हनं, तांबडी. लेझर चालू असला की लागनारी. तिच्याव तुमी पट्टी चिटकावली. मला येवडंच सांगा, ती बत्ती उगडी आस्ती, तर माजी पोर बगत ऱ्हायली आस्ती का?"

तुम्ही पुढ्यातले कागद चाळायला लागलात.

"व्हय का न्हाई? लय बोलू नगा. येवडंच सांगा. व्हय म्हनला तर म्या घरी जाऊन गप बसते. न्हाई म्हनला तर..." तिनं रिकामा हात वर उचलला, डोळ्यापर्यंत, सूत धरल्यासारखा. आणि खाली घेतला.

तुम्ही म्हणालात, "बाई, प्रश्न प्रबंधावर असला पाहिजे."

'आई'ची 'बाई' झाली, तेही मी ऐकलं.

तेव्हा मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. क्रांती उभी होती. तिचा स्वतःचा प्रबंध अजून तुमच्याच कपाटात आहे, हे तिला ठाऊक होतं. सुभेदाराची पोरगी, मान ताठ.

"प्रबंधावरच आहे, सर. बत्ती प्रबंधातल्या फोटोसाठीच झाकली. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर छापलाय तोच फोटो. टेप मी कापून दिली."

परीक्षक बाईंनी चष्मा डोळ्यावर घेतला आणि तुमच्याकडं बघितलं. त्याही वाट बघत होत्या.

तुम्ही उठलात. तांत्रिक कारणामुळं निकाल राखून ठेवण्यात येत आहे, असं म्हणालात, आणि बाजूच्या दारानं गेलात. चहा आला. कुणी घेतला, कुणी नाही. आक्कानं घोंगडं परीक्षकांच्या टेबलावर ठेवलं. परीक्षक बाईंनी ते उचललं, गाठींवरून हात फिरवला आणि आक्काच्या पाया पडल्या. आक्का घाबरून मागं सरली.

तेव्हापासून निकाल राखलेलाच आहे. क्रांतीला दुसरा गाईड शोधायला सांगितलंय, आणि दुसरा कुणी तिला घेत नाही. स्वप्नाली जतला एका क्लासमध्ये पोरांना शिकवते, फळ्याकडं तिरकी उभी राहून. पोरं तिची नक्कल करतात. ती म्हणते, करू दे, मामा, पोरंच ती.

आणि आक्का ओसरीवर बसून चाती फिरवते. हात वर जातो, अर्ध्यात थांबतो. मी दूध घालून परत येताना रोज बघतो. काल मी म्हणालो, "आक्का, ते काय सांगायचं न्हाईत. तूच आपली बग की सूत."

"न्हाई रं," म्हणाली. "ज्यांनी लिवलं त्यांनीच सांगाया पायजे. तवर मला कसं बगू वाटंल?"

म्हणून हे छापायला देतोय. डिग्री मागत नाही, भरपाई मागत नाही, मानसिंग सरांची पेन्शन मागत नाही. तुमच्या भाषेतला खुलासाही नको. खुलाशात बत्ती सापडत नाही. आमच्या वस्तीवर या, किंवा फोन करा, किंवा फाटकावरच्या त्या फ्लेक्सवर तुमच्या फोटोखाली लिहा. आक्काला वाचता येत नाही, मी तिला वाचून दाखवीन, आणि या वेळीही काही गाळणार नाही.

बत्ती उघडी असती, तर पोरगी बघत राहिली असती का?

हो की नाही?